सात नंबरचं वर्तुळ

८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पोचलो. हे सगळ्यात आधी लिहितोय, म्हणजे तू बाबांना सांगून मोकळी होशील. ते विचारणार नाहीत. तू आपली कपडे घडी करता करता सहज बोलल्यासारखं बोल. त्यांचे कान तिकडेच असतात, फक्त तोंड पेपरात असतं.

तू म्हणाली होतीस, "जंगलात गेलास की डोकं थंड होईल." नाही झालं. पहिल्याच दिवशी जीपवाल्याशी वाजलं. मी विचारलं, किती वेळ लागेल. तो म्हणाला, "कॉलेज अर्धवट सोडून आलेल्याला कसली घाई?" म्हणजे माझी कीर्ती माझ्याआधी पोचली. ही तुझीच कृपा असणार. त्यानंतर आम्ही दोघं अडीच तास एकमेकांशी बोललो नाही, आणि चाक चिखलात बसलं तेव्हा मुकाट्यानेच ढकललं.

इथे फोन लागत नाही. जीप दहा दिवसांनी एकदा येते, आणि माझे तक्ते नि माझी पत्रं एकाच थैलीतून तुझ्या टेबलावर पडणार. तेव्हा तक्ता आधी उघडशील की पत्र, यावरून मला कळेल तू माझी आत्या आहेस की आकडेवारी विभाग.

राहायला राखणदाराच्या चौकीला लागून एक खोली आहे. पत्र्याची खुर्ची, एक खिडकी, भिंतीला एक खिळा, त्याला मोजणीची दोरी. चौकीमागे टेकाडावर लाकडी मनोरा आहे, चौसष्ट पायऱ्यांचा. त्याच्या टोकाला एक मुलगी बसते आणि दिवसभर धूर शोधते. राखणदाराची मुलगी. आग दिसली की भोंगा वाजवायचा, हे तिचं काम.

काल मी खालून ओरडून विचारलं, "वरून काय दिसतं?"

ती म्हणाली, "एक माणूस दिसतो. काम सोडून वर बघतोय."

आत्या, मला वाटतं मी इथे टिकेन.

तुझी तोफ

१७ फेब्रुवारी

तोफखान्यास,

पत्र आधी उघडलं. आता खूश?

बाबांना सांगितलं. पेपरचं पान उलटताना त्यांनी "हं" केलं. तुझ्या बाबतीत गेल्या वर्षभरात त्यांनी केलेलं सगळ्यात लांबलचक भाषण आहे हे.

मनोऱ्यावरच्या मुलीबद्दल तू तेरा ओळी लिहिल्यास आणि कामाबद्दल दीड. तेव्हा काम मीच सांगते. तुझ्या वाट्याला तीन वर्तुळं आहेत, सात, आठ आणि नऊ. प्रत्येकाच्या मध्याला लोखंडी खुंटी आहे, ती पहिल्या मोजणीच्या वेळी ठोकलेली. तिला दोरी बांधायची, दोरी पुरेल तेवढं गोल फिरायचं, आणि बी पडून आपोआप उगवलेली, गुडघ्याच्या वर गेलेली रोपं मोजायची. लावलेली नाही. आपोआप आलेलीच. बारा किंवा जास्त असली तर "चालू". बाराच्या खाली "थांबलेलं". देशभर अशी वर्तुळं आहेत, आणि एकेक वर्तुळ चार हजार हेक्टरांच्या वतीने बोलतं. म्हणून नीट मोज.

मी या टेबलावर एकतीस वर्षं आहे. दर पाच वर्षांनी नवी मोजणी येते, आणि दर वेळी माझ्या कोष्टकातली आपोआप वाढणाऱ्या जंगलाची रेघ खाली जाते. शेजारच्या खोलीतले म्हणतात, एकूण जंगल तर तेवढंच आहे. असणारच! तोडायचं, सरळ रांगांत वाशांसाठी झाडं लावायची आणि त्यालाही जंगल म्हणायचं. माझी रेघ वेगळी. तिच्यात फक्त स्वतःहून येणारं जंगल.

जूनअखेर मी निवृत्त होते. तुझी मोजणी ही माझी शेवटची.

मोजणीची पुस्तिका सोबत दिली आहे. शेवटपर्यंत वाच. तुला कुठलीही गोष्ट अर्ध्यात सोडायची खोड आहे, म्हणून दोनदा सांगते. शेवटपर्यंत वाच.

आत्या

२८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पुस्तिका वाचतोय. (हसू नकोस.)

आठ आणि नऊ मोजून झाली, तक्ते थैलीत आहेत. आठमध्ये सतरा, नऊमध्ये तेरा. सातचा तक्ता पाठवत नाही. पेन्सिलीने मोजलंय, शाई लावलेली नाही.

सातमध्ये दोन आहेत. दोन, आत्या! तीनदा फिरलो. वर भिंगरीची थोराड झाडं आहेत. त्यांचं बी पंखांचं असतं, गरगरत खाली येतं, म्हणून इथे सगळे त्यांना भिंगरीच म्हणतात. बी ढिगाने पडतं, उगवतंही. पण रोप बोटभर झालं की उन्हाळ्यात गवत पेटतं आणि सगळं साफ. राखणदारकाका म्हणाले, "आठ वर्षांपूर्वीपर्यंत दरसाल पेटायचं. पोरगी मनोऱ्यावर बसायला लागली तेव्हापासून चारदाच पेटलं. पण रोपं संपवायला ती चार वर्षं पुरली." आणखी तीन-चार उन्हाळे आगीविना गेले तर खालची रोपं गुडघ्याच्या वर जातील, असं त्यांचं म्हणणं.

मी तिला आकडा सांगायला चौसष्ट पायऱ्या चढलो. ती दुर्बीण पुसत राहिली. मग म्हणाली, "बाराच्या खाली असलं की तोडतात ना?"

मी म्हणालो, "कोण सांगतं?"

"पलीकडचं खोरं तसंच गेलं. आता तिथे रांगा आहेत. वरून बघितलं की वहीचं पान वाटतं." मग म्हणाली, "मी इथेच वाढले. मला दुसरं काही बघता येत नाही."

तिचा आवाज बदलला नाही, आत्या. तो बदलला असता तर बरं झालं असतं. मी खाली आलो आणि खोलीच्या दाराला लाथ घातली. दार ठीक आहे, पाय सुजलाय.

बारा कुणी ठरवले? टेबलावर बसून ठरवले असतील. तू साहेबांना सांग ना, या वेळी दोनवर चालवून घ्या. तीन उन्हाळे द्या म्हणावं. तुझं ऐकतील ते. एकतीस वर्षं काय तू तिथे पंखा बघत बसलीस?

तुझा

८ मार्च

चिरंजीव तोफ,

सुजलेल्या पायाला गरम पाण्याचा शेक दे. दाराला माझ्या वतीने सॉरी म्हण.

नाही. मी साहेबांना असलं काही सांगणार नाही. पंखाच बघत होते असं समज. पण त्या पंख्याखाली मी एकही आकडा इकडचा तिकडे केला नाही. आज एका वर्तुळाला तुझ्या प्रेमापोटी सूट दिली, तर उद्या दुसऱ्याला कुणाच्या तरी कंत्राटापोटी द्यावी लागेल. मग माझी रेघ कशाची?

दोन असतील तर दोन लिही. मला आनंद होतोय असं समजू नकोस. या मोजणीत आतापर्यंत आलेल्या दोनशे बारा तक्त्यांपैकी एकशे चाळीस "थांबलेलं" आहेत. परवा मी ते लावत होते तेव्हा शिपाई चहा ठेवून गेला, आणि तो गार होऊन त्यावर साय धरली तरी मला कळलं नाही. एकदा, फक्त एकदा ही रेघ वर वळलेली बघून घरी जावं असं मलाही वाटतं. वाटण्याला रकाना नसतो.

आणि अरे, पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण वाचलंस का? तू काही विचारत नाहीस, म्हणजे वाचलेलं नाहीस. सातची जागा अवघड आहे, म्हणून मुद्दाम सांगते. वाच आणि मग तक्ता भर.

तिला आमचा नमस्कार सांग. की अजून तेवढी ओळख नाही?

आत्या

२२ मार्च

प्रिय आत्या,

सातचा तक्ता सोबत आहे. चौदा.

मागच्या वेळी घाईत मोजलं होतं, गवत उंच होतं. आता नीट बघितलं. प्रत्येक रोपाची उंची आणि खुंटीपासूनचं अंतर लिहिलं आहे. शाईने.

तिला सांगितलं तेव्हा ती मनोऱ्यावरून धावत खाली आली. चौसष्ट पायऱ्या! मला वाटलं पडणार. माझा हात धरला आणि लगेच सोडला, वडील बघतील म्हणून. मग म्हणाली, "तू मोजलेस म्हणून सापडले. आधीचा मोजणीवाला खुंटीपाशी उभा राहून सिगारेट ओढायचा आणि आकडा लिहायचा."

वारा पडला की ती मला एक जागा दाखवणार आहे. आजवर कुणालाच दाखवलेली नाही म्हणते, वडिलांनाही नाही. आत्ता वाऱ्याचे दिवस आहेत, मनोरा सोडता येत नाही.

बाकी ठीक.

तुझा

२ एप्रिल

माझ्या लाडक्या भाच्या,

चौदा!

तक्ता उघडला आणि चष्मा काढून पुन्हा लावला. मग साहेबांकडे गेले. ते फोनवर होते, तरी मी त्यांच्यासमोर कागद धरला. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी असा आगाऊपणा पहिल्यांदा केला.

तुझा टापू चालू धरला, आणि दक्षिणेकडचे अकरा तक्ते चांगले आले, त्यामुळे या वेळी रेघ वर वळली. किंचितच. नखाएवढी. पण वर. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही जाता जाता चमत्कार केलात." मी म्हणाले, "मी नाही, माझ्या भाच्याने वाकून बघितलं म्हणून."

संध्याकाळी तुझ्या बाबांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. ठेवला, खरंच! म्हणाले, "नीट मोजलं ना त्याने?" मी म्हणाले, "एकेका रोपाची उंची लिहिलीय." त्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्याचा स्वेटर इथेच राहिलाय. जीपबरोबर पाठव." पाठवते आहे. एप्रिलात स्वेटर. पण तू घाल.

जागा बघून आलास की लिही. सगळं लिहू नकोस, आत्याला सांगण्यासारखं लिही.

आत्या

१९ एप्रिल

प्रिय आत्या,

स्वेटर मिळाला. बाबांना सांग.

दोन-तीन गोष्टी विचारायच्या होत्या, कामाच्याच. एखादं रोप मोजणीनंतर वाळलं तर तक्ता बदलावा लागतो का? आणि तपासणीला कुणी येतं का? येत असेल तर कधी? आणि रोपाला पाणी घातलं तर ते आपोआप वाढलेलं धरतात की नाही? सहज विचारतोय. सातमधल्या काहींची पानं गळताहेत. ऊन फार आहे.

वारा अजून पडलेला नाही. मी तिला म्हणतो, घाई नाही. ती म्हणते, "तुलाच तर घाई असायची."

रोज दुपारी ती वरून विचारते, "आपले चौदा कसे आहेत?" मी खालून सांगतो, मजेत.

झोप नीट लागत नाही. काळजी करू नकोस.

तुझा

३० एप्रिल

प्रिय तोफ,

तुझे प्रश्न वाचून बरं वाटलं. कॉलेजात जो पोरगा हजेरीपुरताही वर्गात बसला नाही, तो आता वाळलेल्या पानाची चौकशी करतोय. मोजणी झाल्यावर रोप वाळलं तर तक्ता बदलत नाहीत, पुढच्या मोजणीत दिसेल ते दिसेल. तपासणी शंभरात एका वर्तुळाची होते, तुझं नाव त्यात नाही. पाणी मात्र घालायचं नाही. जे स्वतःच्या बळावर येतं तेच मोजायचं, हीच तर सगळी गंमत.

आता एक बातमी आहे. ती कशी सांगावी, कळत नाही. कोष्टक छापायला जाण्याआधी वरून विचारणा झाली. चालू टापूंची यादी मागवली. काल हुकूम निघाला. जिथे जंगल आपोआप येतं आहे तिथे राखणीची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. तुमच्याकडची चौकी एक जूनपासून बंद. मनोराही. राखणदाराची बदली किनाऱ्यावरच्या गोदामात झाली आहे.

मी साहेबांना म्हणाले, "अहो, राखलं म्हणून येतंय ते." ते म्हणाले, "बाई, तक्त्यात तसं कुठे लिहिलंय? तक्त्यात लिहिलंय आपोआप."

बरोबरच आहे त्यांचं. रकान्याचं नाव मीच ठेवलंय, एकतीस वर्षांपूर्वी.

तिला तूच सांग. हुकूम जीपने येण्याआधी तुझ्या तोंडून कळू दे. आणि धीर धर. तुम्ही दोघं तरुण आहात, गोदामापर्यंत रेल्वे जाते.

आत्या

९ मे

आत्या,

हे पत्र तू कुठल्याही फायलीला लाव. लपवायचं काही राहिलेलं नाही.

सातमध्ये दोनच होती. बारा मी लावली.

मनोऱ्याच्या पाठीमागे, टेकाडाच्या पलीकडे, सातच्या खुंटीपासून आठशे पावलांवर एक घळ आहे. खडकांच्या मधे असल्यामुळे तिथे गवत नाही, म्हणून आगही पोचत नाही. मार्चमध्ये रागारागाने चालत सुटलो होतो, तेव्हा सापडली. आत एकोणीस भिंगऱ्या, बी पडून आलेल्या, बारा तर मांडीपर्यंत. मला वाटलं, देव आहे. दोन दगड बाजूला सारून वाट केली. तीन सकाळी, ती मनोऱ्यावर असताना, मुळांभोवतीच्या मातीसकट बारा रोपं काढली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि सातमध्ये नेऊन लावली. वरून पाचोळा पसरला. माझ्या हातून आजवर एवढं नीट काम कधी झालं नव्हतं, आत्या. मला वाटत होतं की मी तिला जंगल देतोय.

त्यातली आठ मेली आहेत.

तुझं पत्र चार तारखेला आलं. तिला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मग वाऱ्याची वाट कशाला बघायची? चल, जागा दाखवते."

टेकाड चढेपर्यंत मला कळलं नाही, शपथ. ती पुढे आणि मी मागे. ती सांगत होती, दहा वर्षांची असल्यापासून ती जाते तिथे. कुणाला सांगितलं नाही, कारण माणसांची वाट पडली की गुरांची पडते. म्हणाली, "एकोणीस आहेत. एक तर माझ्या कमरेला लागेल आता." मी खडक ओळखला आणि थांबलो. ती गेली.

आत बारा खड्डे होते. उरलेली सात लहान रोपं गुरांनी खाल्ली होती, मी मोकळ्या केलेल्या वाटेने शिरून. जमिनीवर नुसते खूर.

ती खड्ड्यात हात घालून बसली. मी म्हणालो, "मी तुझ्यासाठी केलं." आत्या, हे वाक्य मी बोलायला नको होतं.

तिने विचारलं, "मला का नाही विचारलंस?"

"तुला खूश करायचं होतं."

"मी खूशच होते," ती म्हणाली. "मी तुला इथे आणणार होते."

पाच दिवस झाले. ती मनोऱ्यावरून खाली बघत नाही. राखणदारकाका मला चहा देतात, त्यांना काही माहीत नाही, आणि तो चहा मी मागे जाऊन ओतून देतो. आता काय करू ते सांग. तू सांगशील ते करतो. पहिल्यांदाच म्हणतोय.

१६ मे

प्रिय बाळा,

तुझं पत्र मी कार्यालयाच्या जिन्यात उभी राहून वाचलं. नंतर तिथेच पायरीवर बसले.

आधी माझं ऐक. मला ते दिसलं होतं.

सातचा तक्ता आला त्याच दिवशी. दोन रोपं वेगवेगळ्या उंचीची, आणि बाकी बारा जवळजवळ सारखी. खुंटीपासूनची अंतरंही कशी नेटकी. जंगल असं येत नाही रे. एकतीस वर्षं तक्ते वाचलेल्या बाईला ते कळू नये? मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. मग साहेबांच्या खोलीत जाण्याआधी ते खोडलं. मला रेघ वर हवी होती. तुला आनंदाचं पत्र लिहिलं तेव्हा मला माहीत होतं, आणि तुझ्या पाण्याच्या प्रश्नाला थट्टेने उत्तर दिलं तेव्हा तर जास्तच. तुझ्या चुकीत मूर्खपणा आहे. माझ्या चुकीत तोही नाही.

आता दुसरं. हे लिहू नये असं दोन दिवस वाटत होतं. पण लपवालपवी पुरे झाली. पुस्तिकेच्या शेवटच्या प्रकरणात शेऱ्याचा रकाना समजावला आहे. वर्तुळाबाहेर, हजार पावलांच्या आत, एका जागी आपोआप आलेली बारा किंवा जास्त रोपं दिसली, तर तिथे एक ओळ लिहायची असते. तेवढ्याने तो टापू तोडीतून निघतो आणि पाच वर्षं राखणीत राहतो. राखणदारासकट, मनोऱ्यासकट. तुझी घळ तशीच ठेवून तू ती एक ओळ लिहिली असतीस तर पुरलं असतं. मी म्हणत होते वाच. ओळ काय आहे ते सरळ पत्रात लिहायला मला काय झालं होतं? तुला अद्दल घडावी, स्वतः शोधून काढावंस, असं वाटत होतं.

कोष्टक जूनच्या पहिल्या आठवड्यात छापायला जातं. सातचा कोरा तक्ता सोबत आहे. फेरमोजणीला मोजणाऱ्याची आणि स्थानिक साक्षीदाराची सही लागते. साक्षीदार म्हणून तिलाच बोलाव.

चौदा लिहिलेस तर चौकी बंद होईल, झाडं उभी राहतील आणि पहिल्या मोठ्या वणव्यापर्यंत टिकतील. दोन लिहिलेस तर ऑक्टोबरात तोडीची माणसं येतील. तिसरा रस्ता मी दोन दिवस शोधला. साहेबांच्या दारातही उभी राहिले. सापडला नाही. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. तो अधिकार माझा मीच घालवला. मी एवढंच करेन, की जो तक्ता येईल त्यासोबत माझी चूक माझ्या सहीने लावेन.

बाबांना सगळं सांगितलं. ते रात्री जेवले नाहीत.

आत्या

२७ मे

प्रिय आत्या,

काल फेरमोजणी केली.

सकाळी मनोऱ्याखाली उभा राहून हाक मारली. पहिल्या हाकेला उत्तर नाही. दुसऱ्या हाकेला राखणदारकाका बाहेर आले. ते भांडी पोत्यात भरत होते. म्हणाले, "भांडलात काय रे? जायच्या वेळेला तरी नीट बोला." मी त्यांनाही सगळं सांगितलं, तिथेच, दारात. त्यांनी हातातलं पातेलं पोत्यात न टाकता दाराशी ठेवलं. मग मान वर करून म्हणाले, "बाई, खाली ये. सहीला माणूस लागतं."

ती आली. तुझं पत्र तिच्या हातात दिलं. तिने चालता चालता वाचलं, रकान्याच्या ओळीपाशी थांबली, पुन्हा वाचलं आणि घडी करून परत दिलं. मला वाटत होतं आता शिवी देईल. दिली असती तर मी तिचे पाय धरले असते.

खुंटीशी दोरी धरून ती उभी राहिली, मी फिरलो. वर भिंगऱ्या तशाच, आकाश झाकून. मेलेली आठ तर नुसत्या काड्या. जगलेली चार मात्र हिरवीगार, एकाला नवा कोंब फुटलेला. मी त्याच्यापाशी थांबलो आणि विचारलं, "ही चार?"

"ती तुझी," ती म्हणाली. "जंगलाची नाहीत."

मग मी जे बोलायचं नाही असं ठरवलं होतं ते बोललो. म्हणालो, "चौदाच राहू देऊ. झाडं तरी उभी राहतील. पाच वर्षं, दहा वर्षं, कुणास ठाऊक. खोटं माझ्या नावावर राहील. तू सही नको करूस, मी दुसरा साक्षीदार आणतो. जीपवाल्याच्या पाया पडतो." मी रडत होतो, आत्या. माझा आवाज माझाच मला ऐकवत नव्हता.

तिने दोरी सोडली नाही. म्हणाली, "वणवा लागला की उभी झाडंही जातील. भोंगा वाजवायला कुणी नसेल. मग पन्नास वर्षांनी कुणीतरी तुझ्या आत्याचं कोष्टक उघडेल, आणि त्यात लिहिलेलं असेल की इथे राखण नसली तरी जंगल आपोआप येत होतं. आणि तरी मेलं. दोष कुणाला देतील?"

मी डोळे पुसले.

"जंगलाला देतील," ती म्हणाली. "ते मला नको. तोडणाऱ्यांनी तोडलं असं तरी लिहिलेलं राहू दे."

मग ती माझ्याकडे वळली. चार मेपासून पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर मी त्याला धरून राहिलो असतो.

म्हणाली, "मोज. मोठ्याने."

मी पुन्हा फिरलो. पूर्ण गोल. एकेका झाडाच्या बुंध्याशी वाकलो, पाचोळा हाताने बाजूला केला, बोटभर कोंबही बघितले, जे मोजता येत नाहीत. पूर्ण फिरून तिच्यासमोर आलो. तक्ता गुडघ्यावर ठेवला. तिने पेन पुढे केलं आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली.

मी म्हणालो, "दोन."

"मोठ्याने."

"दोन," मी ओरडलो. वरच्या फांद्यांतून पाखरं उडाली. मी तेच लिहिलं. तिने खाली सही केली.